रजा कोणाच्या नावावर?

मूल झालं की नोकरी सांभाळून त्याचं कोण करणार, हा घरातल्या दोघांनी ठरवायचा प्रश्न वाटतो. पण त्याचं निम्मं उत्तर रजेच्या नियमांत आधीच लिहिलेलं असतं, आणि ते कसं लिहिलं गेलं याला जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

जर्मनीने 1878 मध्ये कारखान्यांतल्या बायकांना बाळंतपणानंतर तीन आठवडे कामावर ठेवायला बंदी केली. 1919 च्या वॉशिंग्टन श्रम परिषदेने 12 आठवड्यांची रजा, त्या काळात पोटापुरते पैसे आणि बाळाला पाजण्यासाठी कामाच्या वेळेत दिवसातून दोनदा अर्धा तास, असा करार मांडला. बाळंतिणीच्या जिवासाठी हे हवंच होतं. मात्र त्यात बाप कुठेच नव्हता. रजा आईची, म्हणून मूलही आईचं, ही समजूत कायद्याने आणखी घट्ट केली.

ती गाठ सोडवायचा पहिला प्रयत्न स्वीडनचा. 1974 मध्ये तिथे प्रसूती रजेच्या जागी आईबाप दोघांसाठी पालक रजा आली. काही वर्षांनी सरकारने पोस्टरही लावलं: पिळदार दंडांचा वेटलिफ्टर लेनार्ट डालग्रेन, आणि त्याच्या हातात तान्हं बाळ. पण सुरुवातीला, पहिल्या वर्षी, एकूण रजेतले जेमतेम अर्धा टक्का दिवस बापांनी घेतले. मला यात पुरुषांच्या आळसापेक्षा घरातला हिशेब जास्त दिसतो. ज्याचा पगार मोठा त्याने घरी बसलं तर खड्डाही मोठा, आणि मोठा पगार बहुधा बापाचा.

मग नॉर्वेने 1993 मध्ये चार आठवडे फक्त बापाच्या नावावर ठेवले. त्याने घेतले नाहीत तर ते बुडाले, आईला मिळायचे नाहीत. तोवर शंभरातले चार बापही रजा घेत नव्हते. काही वर्षांतच हक्कदार बापांपैकी बहुतेक जण ती घेऊ लागले. स्वीडनने 1995 मध्ये हाच मार्ग धरला. जर्मनीत 2007 पासून 12 महिन्यांचा भत्ता 14 महिने मिळू लागला, पण दुसऱ्या पालकाने किमान दोन महिने घेतले तरच.

जपानमध्ये बापांसाठी कायद्याने भरपूर रजा होती. तरी 2012 मध्ये ती घेणारे दोन टक्केसुद्धा नव्हते, कारण साहेबासमोर रजेचा विषय काढायचीच चोरी. 2022 पासून तिथे मूल होणार असल्याचं कर्मचाऱ्याने कळवलं की रजा घेणार का, हे मालकानेच त्याला विचारायचं, असं बंधन आहे.