झाड क्रेननं उतरवताना भार कुठं येतो?

वळीव झोडपून गेला की बेळगावात टिळकवाडी किंवा कॅम्प भागातल्या एखाद्या जुन्या झाडाची फांदी मोडून छपरावर लोंबकळते आणि मग हायड्रा, म्हणजे भार उचलून चाकांवर चालत जाणारी क्रेन, बोलावली जाते. खाली घर, बाजूला हेस्कॉमची, म्हणजे वीज कंपनीची, लाइन. झाड आडवं पाडायला जागाच नसते, म्हणून ते वरून तुकड्यातुकड्यानं कापून उतरवावं लागतं. 1976च्या कर्नाटक वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे लागणारी परवानगी काढली जाते, वीज बंद करून घेतली जाते. तुकडा हुकाला टांगायचा पट्टा कुठं आणि कसा बांधायचा, हे मात्र अंदाजावर सोडलं जातं. माझ्या मते माणसं सगळ्यात जास्त धोक्यात येतात ती इथंच.

“चौदा टनाची हाय की, उचलंल!” असं सर्रास म्हटलं जातं. क्रेनवर लिहिलेला आकडा बूम (क्रेनचा लांब हात) आखूड आणि हूक अगदी जवळ असतानाचा असतो. हूक लांब गेला की तोच भार क्रेनला जास्त जोरानं पालथी घालू पाहतो. पुढच्या चाकांपासून 2 मीटरवर एक टन असेल तर उलथवणारा जोर 2 टन-मीटर, 8 मीटरवर तो 8 होतो. त्यात बूमचं स्वतःचं वजनही भर घालतं. म्हणून काम सुरू करण्याआधी ऑपरेटरनं त्या अंतराचा आकडा भारतक्त्यात, म्हणजे किती अंतरावर किती वजन उचलता येतं त्या तक्त्यात, बघायलाच हवा. हूक, पट्टे आणि शॅकल (पट्टा अडकवायची पिनवाली लोखंडी कडी) यांचं वजनही भारातच धरायचं.

तुकड्याचं वजन काढणं अवघड नाही. ओलं लाकूड साधारण पाण्याइतकं जड धरलं तर 60 सेंटिमीटर जाड, 3 मीटर लांब ओंडका सुमारे 850 किलो भरतो. जाडी दुप्पट झाली की वजन चौपट, म्हणजे जवळपास साडेतीन टन. नजर इथं हमखास फसते, कारण बुंध्याकडचा तुकडा वरच्यापेक्षा ‘थोडाच जाड’ दिसतो. पावसानं निथळणारा पाला असेल तर त्याचं वजन वेगळं.

आता पट्ट्याचा कोन. भरलेली बादली दोघांनी मिळून धरली आणि दोघं एकमेकांपासून लांब सरकले, की बादली तेवढीच राहते पण हात जास्त ओढले जातात. एका हुकाला दोन पट्टे लावून 1000 किलोचा ओंडका उचलला, तर जमिनीशी 60 अंशांचा कोन असताना प्रत्येक पट्ट्यावर 577 किलो ताण येतो. 45 अंशांना 707 आणि 30 अंशांना पूर्ण 1000. ओंडका तोच, पण पट्टा आखूड घेतला म्हणून ताण वाढला. शिवाय पट्टा फास घालून आवळला की त्याची उचलण्याची ताकद सरळ टांगल्यापेक्षा कमी होते. पट्टा कमी पडला म्हणून त्याला गाठ तर कधीच मारू नये.

सगळ्यात नाजूक क्षण करवत शेवटच्या काही सेंटिमीटरवर असते तेव्हाचा. इतका वेळ झाडानं धरलेलं वजन आता हुकाकडे जातं. पट्टा ढिला असेल तर तुकडा आधी खाली पडतो आणि मग झटक्यानं थांबतो. 500 किलोचा तुकडा 1 मीटर पडून 20 सेंटिमीटरमध्ये थांबला, तर थांबताना सरासरी ओढ 3 टन येते आणि काही क्षण त्याहूनही जास्त. म्हणून कापण्याआधीच दोर ताणून घ्यायचा, साधारण तुकड्याच्या वजनाइतका. त्याहून जास्त ताणलं तर कापताक्षणी तुकडा वर उसळतो आणि कापणाऱ्याला लागू शकतो. हूक तुकड्याच्या भारकेंद्राच्या, म्हणजे जिथं टांगला तर तो तोलून राहतो त्या बिंदूच्या, बरोबर वर नसेल तर तुकडा आडवा झोकांडतो. पसरलेल्या फांदीचं भारकेंद्र ती जिथं दाट आहे त्या बाजूला सरकलेलं असतं, त्यामुळे मापानं मध्य काढून पट्टा बांधणं चुकीचं. कापणाऱ्यानं स्वतःला उरलेल्या खोडाला बांधावं, उचलायच्या तुकड्याला नाही. तुकडा झोकांडेल त्या बाजूला त्यानं थांबू नये.

पायाखालची जमीनही पाहावी लागते. खानापूरकडची तांबडी माती आणि चिकोडी-अथणीकडची काळी माती पावसात सारखी वागत नाही. काळी माती भिजली की फुगते, मऊ होते. क्रेनच्या एका टेकू पायावर 10 टन भार आला आणि पायाची पट्टी 30 सेंटिमीटर चौरस असली, तर दर चौरस सेंटिमीटरवर 11 किलो दाब पडतो. तिच्याखाली 90 सेंटिमीटर चौरस भक्कम फळ्या टाकल्या की तो सव्वा किलोवर येतो. हायड्राला असे पाय नसतात, सगळा भार चाकांवर. म्हणून गटाराच्या फरशीवर किंवा नुकत्याच बुजवलेल्या चरावर ती उभी करूच नये.

तुकडा जमिनीला टेकला तरी पट्टा सोडायची घाई नको. त्याखाली दबलेल्या फांद्या वाकून ताणलेल्या असतात. त्या सुटल्या की ओंडका लोळतो. आधी दोन्ही बाजूंना लाकडी पाचरी लावायच्या, हूक थोडा सैल करून ओंडका हलतो का ते पाहायचं, मगच शॅकलची पिन काढायची.