कंबरदुखी आणि टेन्स: मात्रा कमी पडली की मुंग्याच उरतात

‘मुंग्या आल्या, पण दुखणं होतं तसंच,’ अशी टेन्स यंत्राबद्दल नेहमीची तक्रार असते. टेन्स म्हणजे त्वचेवर चिकटवलेल्या पॅचमधून सौम्य विद्युतप्रवाह देऊन दुखणं कमी करू पाहणारं यंत्र. अशा वेळी आधी विजेची मात्रा तपासावी. बहुधा तीच कमी पडलेली असते.

वेदनेचा संदेश बारीक मज्जातंतूंमधून मज्जारज्जूपर्यंत पोहोचतो. स्पर्शाची खबर नेणारे तंतू जाड असतात आणि थोड्याशा विद्युतप्रवाहानेही जागे होतात. त्यांचे संदेश एकदम वाढले, की वेदनेची वाट मज्जारज्जूतच अडते, असा सिद्धांत रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडला. टेन्सचा पाया तोच. पुढच्या संशोधनात शरीरातल्या एंडॉर्फिनसारख्या वेदनाशामक द्रव्यांचाही त्यात वाटा असल्याचं दिसलं.

कंबरेसाठी साधारण ५ सेंमी बाजूचे चार पॅच लागतात. मणक्यांच्या हाडांवर न लावता दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर, दुखरा भाग मधोमध येईल असे दोन वर आणि दोन खाली लावायचे. त्याआधी त्वचा साबणाने धुऊन पूर्ण कोरडी करावी. मलमाचा किंवा तेलाचा अंश राहिला तर पॅच नीट चिकटत नाही. पॅच लावताना आणि काढताना यंत्र बंदच हवं.

सुरुवातीला वारंवारता (सेकंदाला विजेचे किती स्पंद) ८० ते १०० हर्ट्झ आणि स्पंदाची रुंदी (एक स्पंद किती वेळ टिकतो) १०० ते २०० मायक्रोसेकंद ठेवावी. मग प्रवाह हळूहळू वाढवत न्यायचा. आधी हलक्या मुंग्या, मग ठसठशीत झिणझिण्या येतात. टोचायला लागलं की एक पायरी मागे यायचं. पाच-दहा मिनिटांत झिणझिण्या फिक्या वाटू लागतात, कारण मज्जासंस्थेला त्यांची सवय होते. तेव्हा प्रवाह पुन्हा थोडा वाढवायलाच हवा. नेमकी हीच पायरी बहुतेक जण गाळतात. एक सत्र ३० ते ४० मिनिटांचं पुरतं. रोज तीच वारंवारता आणि तीच मात्रा ठेवली तर काही दिवसांत गुण ओसरतो, म्हणून त्या बदलत राहाव्यात.

एकाच ठिकाणी चटका बसतोय? मग पॅचची कड सुटली असेल किंवा जेल सुकलं असेल. सगळा प्रवाह उरलेल्या लहानशा जागेतून जातो आणि त्वचा भाजू शकते. यंत्र बंद करून पॅच बदलावा.

पेसमेकर किंवा तत्सम उपकरण बसवलेल्यांनी टेन्स वापरू नये. गरोदरपण किंवा अपस्मार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको. बधिर किंवा जखम झालेल्या त्वचेवर, मानेच्या पुढच्या बाजूला, झोपेत, आंघोळ करताना किंवा गाडी चालवताना तर नाहीच. कंबरदुखीसोबत लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, जांघेत बधिरपणा किंवा पायातली ताकद कमी होणं असं काही दिसलं, तर यंत्र बाजूला ठेवून ताबडतोब रुग्णालय गाठावं.

जुनाट कंबरदुखीवर टेन्सचा पुरावा मात्र कमकुवत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांत त्याची नेहमीचा उपचार म्हणून शिफारस नाही. आराम मिळतो तो मुख्यतः यंत्र चालू असताना आणि नंतर थोडा वेळ. म्हणून पॅच लावून पडून राहण्यापेक्षा त्या वेळात चालावं, फिजिओथेरपिस्टने दिलेले व्यायाम करावेत. सत्राच्या आधी आणि सत्र चालू असताना, हालचाल करतानाची वेदना ० ते १० मध्ये लिहून ठेवावी. योग्य मात्रा देऊनही दोन आठवड्यांत दोन अंकांचा फरक दिसला नाही, तर ते यंत्र तुमच्या कंबरेसाठी नाही.