मलबार हिल जलाशय

दक्षिण मुंबईतील मलबार टेकडीच्या माथ्यावरचा, जमिनीखाली दडलेला पाणीसाठा. क्षमता सुमारे १४.७ कोटी लिटर. वर फिरोजशहा मेहता उद्यान आहे, म्हणजे लोकांच्या तोंडचे हँगिंग गार्डन. शाळेच्या सहलीत राणीची बाग आणि म्हातारीचा बूट उरकून इथल्या हिरवळीवर डबा खाल्लेल्या कित्येकांना आपण टाकीच्या छतावर बसलो होतो, हे ठाऊक नसते.

सपाट मुलखातल्या शहरांनी नळाला जोर यावा म्हणून विटांचे उंच जलमनोरे बांधले. पुढे ते निकामी झाले आणि काहींचा कायापालट झाला. जर्मनीतील कोलोनच्या १८७२ च्या मनोऱ्यात १९९० मध्ये हॉटेल निघाले. मुंबईत नळाला जोर देण्याचे काम टेकड्यांनी केले. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये शहरात आले, तुळशीचे १८७९ मध्ये. मग १८८० च्या दशकात हा जलाशय झाला. पाणी उंचावर साठवायचे आणि उताराने खाली सोडायचे. अजूनही पालिकेचा चावीवाला रस्त्यातल्या खड्ड्यात लांब लोखंडी चावी घालून फिरवतो, तेव्हा कुठे गिरगावातला नळ खरखरत जागा होतो.

जवळच पारशांचे दोखमे आहेत, म्हणजे मृतदेह गिधाडांसाठी उघड्यावर ठेवण्याचे मनोरे. गिधाडांच्या चोचीतले काही पाण्यात पडू नये म्हणून वर बाग केली, अशी कथा सांगतात. पिण्याचे पाणी उघडे ठेवायचे नाही, एवढे कारणही खरे तर पुरेसे होते. नावात ‘हँगिंग’ असले तरी लटकते काहीच नाही. आहेत ती कातरून हत्ती-जिराफ केलेली झुडपे.

माझगावच्या भंडारवाडा टेकडीवरही हीच जोडी आहे: खाली जलाशय, वर जोसेफ बॅप्टिस्टा उद्यान. तिथे पूर्वी किल्ला होता. उद्यानातून गोदीच्या क्रेन दिसतात, पण पर्यटक तिकडे फिरकत नाहीत.

२०२३ मध्ये पालिकेने मलबार हिल जलाशयाच्या पुनर्बांधणीचा घाट घातला. त्यात साडेतीनशेहून अधिक झाडे जाणार म्हणून रहिवासी उभे राहिले. तज्ज्ञांनी कप्पा रिकामा करवून आत उतरून पाहणी केली, त्यासाठी दक्षिण मुंबईला पाणीकपातही सोसावी लागली. अखेर २०२४ मध्ये पुनर्बांधणी बारगळली आणि दुरुस्तीवर भागवायचे ठरले.