लुटीची पावती: युद्धातला माल लिलावाच्या हातोड्याखाली कसा आला

२९ एप्रिल २०२५ रोजी लंडनमध्ये सदबीजने पुकारलेल्या लिलावातून महाराष्ट्र सरकारने मध्यस्थामार्फत एक तलवार घेतली. नागपूरकर भोसले घराण्याचे संस्थापक पहिले रघूजी यांची ही तलवार. पाते युरोपात घडवलेले, मुठीवर सोन्याचे कोफ्तगारी (धातूत सोन्याची तार ठोकून केलेले) काम, आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेबसुभा’ असा ठसठशीत लेख. वाहतूक, विमा धरून सुमारे ४७.१५ लाख रुपये खर्च आला. सीताबर्डीच्या १८१७ च्या लढाईनंतर ती इंग्रजांच्या हाती गेली असावी, असा तर्क सरकारी पातळीवर मांडला गेला. बातमी आली तेव्हा आनंद झाला, आणि त्याच्या पाठोपाठ एक प्रश्नही आलाच: आपलीच वस्तू आपण पैसे मोजून का घ्यायची?

या प्रश्नाचे मूळ फार जुन्या वहिवाटीत आहे. युद्धात हाती लागलेला माल नुसता उचलून नेला जात नव्हता. अनेकदा तो तिथल्या तिथे, छावणीतच लिलावाने विकला जाई. घेणाऱ्याचे नाव आणि रक्कम वहीत चढे. म्हणजे लुटीचेही कागद होते. ते कागद आज कुणाच्या बाजूने बोलतात, यातच या विषयाची सगळी गुंतागुंत आहे.

रोमन काळात जमिनीत भाला रोवून त्याखाली जिंकलेला माल विकत, आणि माल म्हणजे माणसेही. इसवी सनपूर्व ५७ मध्ये ज्युलियस सीझरने आतुआतुकी या जमातीचे गाव जिंकले आणि गावातली सगळी माणसे एकगठ्ठा विकून टाकली. व्यापाऱ्यांनी त्याला मोजून सांगितलेला आकडा ५३,००० होता. त्याने स्वतःच तो लिहून ठेवला आहे. सैन्यामागून व्यापारी चालत, कारण विकायला माल निघणार हे त्यांना ठाऊक असे. ही साखळी पुढची अठराशे वर्षे फारशी बदलली नाही.

अठराव्या शतकापर्यंत इंग्रजी सैन्यात या विक्रीला रीतसर रूप आले होते. त्याचे नाव प्राइझ. शहर पडले की तिथली जंगम मालमत्ता तत्त्वतः राजाची, पण राजा ती सैन्याला बक्षीस देई. मग अधिकाऱ्यांतून ‘प्राइझ एजंट’ नेमले जात. त्यांनी माल गोळा करायचा, यादी करायची, लिलाव पुकारायचा, आणि जमलेली रक्कम हुद्द्यानुसार वाटायची. सिंहासन किंवा रत्नजडित कट्यार हजारो शिपायांत कशी वाटणार? पैसा मात्र वाटता येतो. लिलाव आला तो एवढ्या साध्या हिशेबापोटी. बोली लावणारे बहुतेक अधिकारी आणि छावणीबरोबर फिरणारे सावकार. वाटणीच्या तक्त्यात सरसेनापतीचा वाटा आणि साध्या शिपायाचा वाटा यांत जमीनअस्मानाचे अंतर असे, त्यातही देशी शिपाई गोऱ्याच्या खाली.

४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडले आणि टिपू सुलतान मारला गेला. त्या रात्री शहरात मोकाट लूट झाली. शिस्त बसल्यावर प्राइझ एजंटांचे काम सुरू झाले. टिपूचे सोन्याने मढवलेले सिंहासन त्यांनी फोडले. गव्हर्नर जनरल वेलस्लीला ते राजाला नजर करायचे होते, पण त्याची इच्छा पोचेपर्यंत तुकडे पडून गेले होते. कठड्यावरची वाघाची रत्नजडित डोकी वेगवेगळ्या घरांत गेली. सिंहासनाखालचे मोठे वाघाचे डोके आणि छत्रावरचा हुमा पक्षी आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहेत. सरसेनापती हॅरिसच्या वाट्याला सुमारे १,४२,००० पौंड आले. तो वाटा नियमापेक्षा जास्त आहे म्हणून खुद्द ईस्ट इंडिया कंपनीने त्याच्याशी भांडण मांडले, प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत, म्हणजे अपिलाच्या शेवटच्या पायरीपर्यंत गेले, आणि हॅरिस जिंकला. लुटीच्या वाटणीवरून लुटणाऱ्यांतच कज्जे व्हायचे, हा या इतिहासाचा नेहमीचा भाग.

दख्खनमध्ये तर हे कज्जे वर्षानुवर्षे चालले. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, आणि दुसऱ्या बाजीरावाचा खजिना नक्की कुणी जिंकला यावर दोन सैन्यांत वाद लागला: गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जचे मोठे सैन्य की सर टॉमस हिस्लॉपचे दख्खनचे सैन्य? निर्णय लंडनला गेला, आणि ‘दख्खन प्राइझ’ची रक्कम सांभाळायला खुद्द ड्यूक ऑफ वेलिंग्टन विश्वस्त झाला. त्यातलेच एक उपप्रकरण रायगडचे. बाजीरावाचे कारभारी नारो गोविंद औटी यांच्याकडून इंग्रजांनी पैसा काढून घेतला. ही खासगी संपत्ती आहे, असे म्हणत त्यांच्या मृत्युपत्राच्या व्यवस्थापकांनी दावा लावला. मुंबईच्या सुप्रीम कोर्टाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. १८३० मध्ये प्रिव्ही कौन्सिलने तो फिरवला. युद्धाच्या ओघात जे घेतले गेले त्याचा न्याय नागरी कोर्टाने करायचा नाही, असे तिथे ठरले. माझ्या मते या विषयातले सगळ्यात जड वाक्य हेच. पुढे कुणी दाद मागायला गेला की दारावरच अडवायला ते उभे होते.

बाजीरावाकडून मिळालेल्या मालात एक हिरा होता. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानाशी जोडलेला, इंग्रजांनी ‘नासक’ म्हणून नोंदवलेला, वजनाने ९० कॅरटच्या आसपास. लंडनच्या रंडेल अँड ब्रिज या जवाहिऱ्यांनी तो घेऊन पैलू बदलले. १८३७ मध्ये ‘दख्खनची लूट’ या नावानिशीच तो लंडनमध्ये लिलावाला निघाला आणि ७,२०० पौंडांना गेला. तिथून वेस्टमिन्स्टरच्या मार्क्विसकडे, त्या घराण्यात तो तलवारीच्या मुठीत बसला. १९४० मध्ये न्यूयॉर्कच्या हॅरी विन्स्टनने तो पुन्हा कापून ४३.३८ कॅरटचा केला, आणि १९७० मध्ये पार्क-बर्नेटच्या लिलावात तो पाच लाख डॉलरना विकला गेला. देवस्थानाची आणि बाजीरावाची कथा हिऱ्याबरोबर फिरत राहिली. हिरा निम्मा झाला, कथा पूर्ण राहिली.

युद्ध न होताही हेच होई. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघूजी निपुत्रिक वारले आणि डलहौसीने नागपूरचे राज्य खालसा केले. भोसल्यांचे हत्ती, घोडे, बैल सीताबर्डीत हातोड्याखाली गेले. जवाहीर कलकत्त्याच्या बाजारात पाठवले. इथे ना वेढा होता ना शत्रू. होता तो फक्त वारसा नाकारणारा कागद. लाहोरला १८४९ नंतर रणजितसिंहाच्या तोशाखान्याची, म्हणजे खजिन्याची, अशीच मोजदाद झाली. कोहिनूर राणीकडे, सोन्याचे सिंहासन कंपनीकडे, आणि उरलेले बरेचसे लाहोरलाच लिलावात.

बाहेरच्या देशांतही तीच तऱ्हा. ऑक्टोबर १८६० मध्ये इंग्रज आणि फ्रेंच सैन्याने बीजिंगजवळचा युआनमिंगयुआन हा उन्हाळी राजवाडा लुटला. फ्रेंचांनी मिळेल ते घेतले. इंग्रज सेनापती होप ग्रँटने मात्र अधिकाऱ्यांना माल जमा करायला लावला आणि लिलाव पुकारला. रकमेचे तीन भाग: दोन शिपायांना, एक अधिकाऱ्यांना. काही दिवसांनी लॉर्ड एल्गिनच्या हुकमाने राजवाडा जाळला. तिथे सापडलेले एक छोटे कुत्रे राणी व्हिक्टोरियाला भेट गेले, त्याचे नाव ‘लूटी’ ठेवले होते. लाज नावाची गोष्ट या व्यवहारात कुठे बसत होती, याचा अंदाज त्या नावावरून यावा.

१८६८ मध्ये इथिओपियातला मकदला किल्ला इंग्रजांच्या हाती पडला, सम्राट तेवोद्रोसने आत्महत्या केली. लुटीची हस्तलिखिते, मुकुट, क्रूस वाहून न्यायला १५ हत्ती आणि सुमारे २०० खेचरे लागली. वाटेत दलांताच्या पठारावर दोन दिवस लिलाव झाला. त्यात बोली लावणाऱ्यांत ब्रिटिश म्युझियमचा माणूसही होता, रिचर्ड होम्स. संग्रहालयाने त्याला मोहिमेबरोबर त्यासाठीच धाडले होते. १८९७ मध्ये आजच्या नायजेरियातल्या बेनिन राज्याचे पितळी पत्रे आणि हस्तिदंती मुखवटे याच मार्गाने लंडनच्या लिलावघरांत पोचले.

घरी नेलेला माल मग दोन-तीन पिढ्या दिवाणखान्यात राहिला. तो पुन्हा बाजारात यायला कारण झाले अमेरिकेचे धान्य. १८७० नंतर स्वस्त गहू येऊ लागला, इंग्लंडातली शेती बसली, जमीनदारांचे उत्पन्न आटले. वडिलोपार्जित वस्तू विकायला तोवर कायद्याची आडकाठी होती. १८८२ च्या सेटल्ड लँड ॲक्टने ती सैल केली. त्याच वर्षी हॅमिल्टन पॅलेसमधला संग्रह विकला गेला आणि चार लाख पौंडांच्या जवळपास रक्कम उभी राहिली. १८९४ मध्ये मृत्यूनंतरच्या संपत्तीवर कर बसला, तेव्हा वारसांना विकण्यावाचून गत्यंतरच राहिले नाही. सैनिकाच्या पणतूला कर भरायचा म्हणून टिपूची वस्तू बाहेर निघते, असा हा प्रवास.

आणि इथे ती वही कामाला येते. लिलावघर वस्तूची मालकी-साखळी तपासते: कुणाकडून कुणाकडे, कोणत्या वर्षी, पुरावा काय. साखळी जितकी पक्की तितकी बोली चढी. २३ मे २०२३ रोजी बोनहॅम्स या लिलावघराने टिपूच्या खासगी महालात सापडलेली तलवार विकली. अंदाज १५ ते २० लाख पौंडांचा होता, गेली १ कोटी ४० लाखांवर. तिच्याबरोबरची कथा अशी की हल्ल्याचे नेतृत्व करणाऱ्या मेजर जनरल डेव्हिड बेअर्डला सैन्याने ती शौर्याची दाद म्हणून दिली होती. हाच बेअर्ड पूर्वी तीन वर्षांहून अधिक काळ श्रीरंगपट्टणात कैदेत होता. म्हणजे लूट कुणी, कधी, कशी केली याचा पुरावाच किमतीला आधार देतो. चोरीच्या मालाला कागद नसतो म्हणून भाव पडतो. इथे उलट आहे. सिंहासनावरची वाघाची डोकी तर २००९ मध्ये ३,८९,६०० आणि २०१० मध्ये ४,३४,४०० पौंडांना गेली. २०२१ मध्ये तसेच एक डोके देशाबाहेर जाऊ नये म्हणून ब्रिटिश सरकारने त्याची निर्यात काही काळ रोखली, किंमत १५ लाख पौंड धरून. म्हैसूरचे सिंहासन ब्रिटनचा राष्ट्रीय ठेवा ठरले!

कायदा काय म्हणतो? १८९९ आणि १९०७ च्या हेग करारांनी युद्धातली लूट स्पष्टपणे निषिद्ध केली. युनेस्कोचा १९७० चा करार सांस्कृतिक वस्तूंच्या चोरट्या व्यापारावर आहे. भारताचा १९७२ चा पुरावस्तू कायदा १९७६ पासून लागू झाला. शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. सगळे ठीक, पण यातले काहीही मागे जाऊन लागू होत नाही. १७९९ किंवा १८१८ मध्ये बाहेर गेलेली वस्तू या सगळ्या चौकटींच्या बाहेरच राहते. कोर्टात मागणी टिकत नाही म्हणून बोली लावावी लागते. पहिल्या परिच्छेदातल्या प्रश्नाला कायद्याचे उत्तर एवढेच आहे, आणि ते समाधानकारक नाही.

गेल्या पंचवीस वर्षांत दबाव मात्र वाढला. युआनमिंगयुआनच्या कारंज्यावरची प्राण्यांची पितळी डोकी २००० साली हाँगकाँगच्या लिलावांत निघाली, तेव्हा चीनच्या सरकारी पोली ग्रुपने त्यांतली तीन घेतली. २००९ मध्ये पॅरिसला उंदीर आणि सशाची डोकी पुकारली गेली. सर्वोच्च बोली लावणाऱ्या चिनी संग्राहकाने नंतर पैसे द्यायला साफ नकार दिला आणि तो आपला निषेध असल्याचे सांगितले. २०१३ मध्ये क्रिस्टीज या लिलावघराच्या मालक पिनो कुटुंबाने ती चीनला परत दिली. बेनिनचा हस्तिदंती मुखवटा २०१० मध्ये आरडाओरडा झाल्यावर सदबीजने विक्रीतून काढला. मे २०२५ मध्ये हाँगकाँगला होणारा, बुद्धाच्या अवशेषांबरोबर सापडलेल्या पिप्रहवा रत्नांचा लिलाव भारत सरकारच्या नोटिशीने थांबला. ही युद्धातली लूट नव्हे, १८९८ मध्ये पेपे नावाच्या इंग्रज जमीनदाराने आपल्या जमिनीवरचा स्तूप उकरून काढलेला ठेवा होता. २०२५ च्याच जुलैत तो गोदरेज समूहाच्या मदतीने भारतात आला.

या दबावाची दुसरी बाजूही आहे. लिलाव उघड असतो: छापील यादी, छायाचित्रे, तारीख, अंतिम किंमत. आक्षेप घ्यायला तेवढा वेळ आणि तेवढी माहिती मिळते. यादीतून काढलेली वस्तू नेहमीच मायदेशी जाते असे नाही; ती मालकाकडे परत जाते, आणि मोठ्या लिलावघरांत खासगी विक्रीचा वेगळा विभाग असतोच. तिथल्या व्यवहाराची यादी छापली जात नाही, आणि नोटीस कुणाला पाठवायची हेही कळत नाही.