दोन फुटांची लाट, पण किती सेकंदांची?

फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावरचं व्हेनिस हे गाव स्वतःला 'शार्कच्या दातांची जागतिक राजधानी' म्हणवतं. किनाऱ्यापासून फार लांब न जाता, साधारण ६ ते १० मीटर खोलीवर, मायोसीन काळातल्या (सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या) थरांतून सुटलेले काळे-करडे दात खडीत पडलेले असतात. नशीब जोरावर असेल तर मेगालोडॉन या नामशेष महाकाय शार्कचा तळहाताएवढा दातही मिळतो. ते कसे शोधायचे, यावर इंटरनेटवर ढीगभर व्हिडिओ आहेत. पण पाण्याखाली उतरायला हवेची टाकी पाठीला लावण्याआधी 'आज खाली काही दिसणार का' हे कसं ओळखायचं, असं विचारलं की बहुतेकांचं उत्तर एकच: समुद्र शांत आहे ना, मग झालं!

हे उत्तर फसवं आहे. वरून आरशासारखा दिसणारा समुद्र तळाशी ताकासारखा असू शकतो. उलट वर खळबळ असताना खाली बऱ्यापैकी निवळलेलं पाणी मिळू शकतं.

आधी 'दिसणं' म्हणजे काय ते पाहू. वस्तू दिसते ती पार्श्वभूमीपेक्षा उजळ किंवा गडद असते म्हणून. पाण्यातले कण हा फरक खात जातात. समजा, दर मीटरला तो निम्मा होतो. आपला डोळा साधारण २ टक्क्यांपर्यंतचा फरक ओळखतो. ठळक काळी-पांढरी वस्तू १०० टक्क्यांवरून सुरू होते: ५०, २५, १२, ६, ३, दीड. म्हणजे सहाव्या मीटरच्या आत ती नाहीशी होते, आणि डायव्हर वर येऊन सांगतो, 'आज दृश्यता ६ मीटर.' पण काळा दात गडद खडीत पडलेला असतो. त्याचा फरक मुळातच २० टक्के असेल, तर तीन-सव्वातीन मीटरवरच तो संपतो. त्यात दात लहान आणि अर्धा गाळात. म्हणून कुणी दृश्यतेचा आकडा सांगितला की 'काय दिसलं, किती अंतरावरून, आणि तळाशी की मधल्या पाण्यात?' हे विचारायला हवं. जोडीदाराची पिवळी टाकी दिसणं वेगळं आणि दात दिसणं वेगळं.

आता गाळ उठतो कसा, ते. लाट पुढे जाते, पण पाणी जवळपास जागच्या जागी गोल फिरतं. ही वर्तुळं खाली लहान होत जातात आणि लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर जवळजवळ संपतात. लाटेची लांबी ठरते ती दोन लाटांमधल्या वेळेवरून, म्हणजे आवर्तकाळावरून. खोल समुद्रात ती मीटरमध्ये १.५६ गुणिले आवर्तकाळाचा वर्ग इतकी असते. ३ सेकंदांची लाट १४ मीटर लांब, म्हणून ७ मीटरवर तिचा जोर संपला. ८ सेकंदांची लाट १०० मीटर लांब. तिचा हात ५० मीटरपर्यंत पोचतो. व्हेनिसचा तळ ८ मीटरवर!

उंची तीच, ६० सेंटीमीटर म्हणजे दोन फूट, ठेवून ८ मीटर खोलीवर तळाशी पाणी किती वेगाने पुढे-मागे होतं याचं गणित केलं, तर ३ सेकंदांच्या लाटेखाली वेग जेमतेम साडेतीन सेंटीमीटर प्रतिसेकंद येतो. ४ सेकंदांना १२, ५ सेकंदांना १९, ६ सेकंदांना २३ आणि ८ सेकंदांना २७ च्या वर. बारीक वाळू हलायला अशा लाटांखाली साधारण १५ ते २० सेंटीमीटरचा वेग पुरतो. म्हणजे ३ आणि ५ सेकंदांच्या मधेच सगळा खेळ आहे. हवामानाच्या ॲपमध्ये दोन्ही दिवशी 'लाटा दोन फूट' असंच दिसणार. त्यातला एक दिवस दातांचा, दुसरा दुधाळ पाण्याचा. वर त्या लांब लाटा इतक्या सावकाश येतात की बोट हलतेय हेही जाणवत नाही, आणि माणूस म्हणतो, काय सुंदर शांत समुद्र आहे!

तेव्हा उंचीच्या शेजारचा सेकंदांचा आकडा वाचायचा. अमेरिकेची 'नोआ' ही संस्था समुद्रातल्या बोयांच्या, म्हणजे लाटा मोजणाऱ्या तरंगत्या यंत्रांच्या, नोंदी फुकट दाखवते. टॅम्पा उपसागराच्या तोंडाशी असलेला एग्मॉन्ट चॅनेलचा बोया, क्रमांक ४२०९८, व्हेनिससाठी त्यातल्या त्यात जवळचा. नुसता ताजा आकडा बघून उपयोग नाही, गेल्या तीन दिवसांचा आलेख बघायचा. कारण गाळाला स्मरणशक्ती असते.

ही स्मरणशक्ती कुठून येते? बारीक कण पाण्यात किती वेगाने बसतो, ते त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरतं. हा स्टोक्सचा नियम. ०.१ मिलिमीटरचा वाळूचा कण ८ मीटर खाली यायला पंधरा-वीस मिनिटं घेतो. व्यास पाचपट कमी, म्हणजे ०.०२ मिलिमीटर केला की वेग पंचवीसपट घटतो आणि सहा तास लागतात. ०.०१ मिलिमीटरला एक दिवस. आणि ०.००२ मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला, पाणी पूर्ण निश्चल असेल तरी, सुमारे २६ दिवस. वर आणखी एक खोच: तेवढ्याच वजनाचा माल जितका बारीक, तितका त्याचा एकूण पृष्ठभाग जास्त. व्यास शंभरपट कमी तर पृष्ठभाग शंभरपट जास्त. म्हणजे जो कण सगळ्यांत शेवटी बसतो, तोच सगळ्यांत जास्त झाकतो. प्रत्यक्षात २६ दिवस थांबावं लागत नाही, कारण खाऱ्या पाण्यात चिकणमातीचे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि गुठळ्या लवकर बसतात. तुरटी फिरवल्यावर पाणी निवळतं, त्यातलाच हा प्रकार. तरीही मोठ्या खळबळीनंतर दोन-तीन शांत दिवस हवेतच, आणि मधे एक दिवस जरी लांब लाटा आल्या तरी मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

वाऱ्याचं गणित त्या मानाने सोपं. हवामानखातं वाऱ्याची दिशा सांगतं ती तो जिथून येतो ती. व्हेनिसच्या पश्चिमेला उघडं मेक्सिकोचं आखात आहे, म्हणून पश्चिम आणि वायव्येच्या वाऱ्याला लाट वाढवायला शेकडो किलोमीटर मोकळं मैदान मिळतं. पूर्वेचा वारा जमिनीवरून येतो, किनाऱ्याजवळ त्याला जागाच मिळत नाही. हिवाळ्यात थंड हवेची आघाडी येते तेव्हा वारा आधी दक्षिण-नैर्ऋत्येचा होतो, मग वायव्येचा जोरदार, मग उत्तरेकडून फिरत पूर्वेचा. पूर्वेचा झाल्यावर लगेच पळायचं नाही, दोन दिवस जाऊ द्यायचे. उन्हाळ्यात दुपारी समुद्रावरून वारा सुटतो आणि गडगडाटी पाऊस येतो, म्हणून डायव्ह सकाळची. चक्रीवादळाचा हिशोब मात्र दिवसांत बसत नाही. ९ ऑक्टोबर २०२४ ला मिल्टन हे वादळ व्हेनिसच्या थोडं उत्तरेला, सिएस्टा की इथे जमिनीवर आलं. अशा वादळानंतर वाळू सरकून जुने थर झाकले जातात आणि नवे उघडे पडतात. आधीच्या खुणांवर विसंबण्यात अर्थ नसतो.

सगळा दोष गाळाचाही नसतो. पावसाळ्यात नद्या आणि खाड्या पानांचा अर्क उतरलेलं चहासारखं पाणी आणतात. ते पाणी वर तरंगतं आणि उजेड खातं; त्याखाली कण कमी असले तरी अंधार असतो, टॉर्चने काम भागतं. इनलेटजवळ, म्हणजे खाडी समुद्राला मिळते त्या तोंडाशी, ओहोटी हेच पाणी बाहेर ओढते, तिथे भरतीच्या शेवटी उतरलेलं बरं. 'कॅरेनिया ब्रेव्हिस' या विषारी शैवालाची लाल भरती, म्हणजे पाण्यात बेसुमार वाढ, झाली असेल, तर दृश्यतेआधी श्वासाचा प्रश्न येतो. फ्लोरिडाचं मत्स्य व वन्यजीव खातं पेशींची मोजणी जाहीर करतं. लिटरला १ लाखाच्या वर आकडा असेल तर घरीच बसावं. उपग्रहाचे नकाशे पाण्याचा फक्त वरचा थर पाहतात, तळाचं काही सांगत नाहीत.

पौर्णिमा-अमावास्येला पाणी कसं असतं याचे ठोकताळे सांगणारेही भेटतात. व्हेनिसला भरती-ओहोटीतला फरक जेमतेम दोन-तीन फुटांचा. त्यावर चंद्राच्या कलेइतकाच, चंद्र विषुववृत्ताच्या किती उत्तरेला वा दक्षिणेला आहे याचाही प्रभाव असतो. चंद्र आणि शार्कचे दात यांची जोडी तशी जुनीच: हे दात चंद्रग्रहणात आकाशातून पडतात, असं रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवलंय. पुढे कित्येक शतकं लोक ते विषावर उतारा म्हणून बाळगत. १६६६ मध्ये निकोलस स्टेनो या डॅनिश शरीरशास्त्रज्ञाने फ्लॉरेन्सला एका मोठ्या शार्कचं डोकं कापून पाहिलं आणि दगड म्हणून विकले जाणारे हे दातच आहेत हे दाखवलं. आता उरलेत ते 'मेगालोडॉन अजून जिवंत आहे' म्हणणारे. तो सुमारे ३६ लाख वर्षांपूर्वीच संपला.

बोटीवर पोचल्यावर शेवटची परीक्षा घ्यायची. १८६५ मध्ये आंजेलो सेक्की या पाद्री-खगोलशास्त्रज्ञाने पोपच्या नौकेवरून पांढऱ्या तबकड्या सोडून समुद्र किती पारदर्शक आहे ते मोजलं होतं. तेच करायचं. २० ते ३० सेंटीमीटरची पांढरी तबकडी, खाली दोन किलो वजन, दर अर्ध्या मीटरला खूण केलेली दोरी. बोटीच्या सावलीच्या बाजूने सोडायची, म्हणजे चकाकी आड येत नाही. नाहीशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, यांची सरासरी घ्यायची. पण आकड्यापेक्षा ती कशी नाहीशी होते हे जास्त बोलकं आहे. हळूहळू फिकट होत गेली तर पाणी वरपासून खालपर्यंत सारखं. साडेपाच मीटरपर्यंत लख्ख दिसली आणि सहाला गपकन गेली, तर तळावर दोन मीटरचा गढूळ थर पसरलाय. दात नेमके त्याच थराखाली असतात. शंका असेल तर एका काठीला छोटा कॅमेरा बांधायचा, त्याच्यासमोर अर्धा, एक आणि दीड मीटरवर काळ्या पट्ट्या लावायच्या, काठी दोरीने तळाला टेकवायची आणि दोन मिनिटं थांबायचं. पहिल्या मिनिटाचं चित्रण बघूच नये. काठी टेकताना उडालेला गाळच त्यात दिसतो.

दीड मीटरची पट्टी दिसली तर दात शोधायला उत्तम. एक मीटरची दिसली तरी चालेल, मात्र जोडीदाराशी बांधलेली दोरी आणि परत वाट सापडावी म्हणून अँकरपासून सोडत नेायच्या दोरीचं रील हवंच. रीलची आणि खाली डायव्हर आहे हे दाखवणाऱ्या झेंड्याच्या बोयाची दोरी एकमेकींत अडकते, म्हणून कापायचं हत्यार हाताला लागेल असं ठेवायचं. अर्ध्या मीटरचीच दिसली तर दिवस बदलावा.

खाली पोचल्यावर प्रवाहाच्या विरुद्ध तोंड करून पुढे सरकायचं, म्हणजे आपण उडवलेला गाळ मागे वाहून जातो. पायातल्या फिन्स तळापासून वर ठेवायच्या. टॉर्च मास्कजवळ धरला तर कणांवरून उजेड उलटा डोळ्यात येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. तो हात लांब करून बाजूने, तळाला जवळजवळ समांतर मारायचा. असा तिरका उजेड दाताच्या चकचकीत कडेवर चमकतो आणि खडबडीत दगडावर चमकत नाही. प्रवाह थांबला तर शोध थांबवून जागेवर राहायचं. आणि टाकीतली हवा दाखवणारं गेज नाकाशी आणूनही वाचता येईनासं झालं, की दोरी धरून वर यायचं.