सिंधी आणि छत्तीसगढी : तुलनेतली चूक

'सिंधी रिकाम्या हाती आले नि श्रीमंत झाले. छत्तीसगढी मजूरच राहिले, कारण त्यांना पुढे जायचेच नाही,' हा संदेश नागपुरात वर्षानुवर्षे फिरतो.

फाळणीनंतर नागपुरातल्या जरीपटका वस्तीत वसलेल्या सिंधी निर्वासितांनी अपार कष्ट केले, हे खरेच. परंतु त्यांपैकी अनेकांकडे व्यापाराचा पिढीजात अनुभव होता, आणि १९५४ च्या कायद्याने सोडून आलेल्या मालमत्तेच्या भरपाईची तरतूदही केली. कोरडवाहू शेती सोडून आलेल्या छत्तीसगढी मजुराला अशी तरतूद नव्हती. पहाटे डबा बांधून ठिय्यावर, म्हणजे मजूर कामाची वाट पाहतात त्या नाक्यावर, उभ्या राहणाऱ्या बाईला कष्टाची इच्छा नाही, असे कसे म्हणावे?

जनगणनेच्या स्थलांतर तक्त्यांत लोक कोठून, केव्हा व कशासाठी आले हे पाहता येते. तुलना करायचीच तर येतानाचे शिक्षण, भांडवल आणि येऊन लोटलेली वर्षे सारखी असलेलीच कुटुंबे शेजारी ठेवावीत.