ओल (काळ्या जमिनीतील)

काळ्या जमिनीत मुरून राहिलेले, पिकाच्या मुळांना घेता येणारे पाणी. मराठवाड्यात कोरडवाहू रब्बी ज्वारी, करडई व हरभरा मुख्यतः या साठ्यावरच येतात.

ही जमीन बेसॉल्ट खडकाच्या झिजेतून बनली असून तीत पाण्याने फुगणाऱ्या स्मेक्टाइट गटातील चिकणमातीचे प्रमाण मोठे असते. काळा रंग भरपूर सेंद्रिय पदार्थांमुळे येतो ही समजूत टिकणारी नाही. सेंद्रिय कर्ब बहुधा 1 टक्क्याहून कमीच भरतो.

उन्हाळ्यात पडलेल्या भेगांत कोपरापर्यंत हात जातो. मृगाचे पाणी त्यांतून थेट खाली उतरते. माती फुगून भेगा मिटल्या की मुरण्याचा वेग तासाला 1 मिमीच्याही खाली येऊ शकतो. मग पाणी उताराला लागते आणि माती घेऊन जाते. गोदाकाठच्या खोल जमिनीत मीटरभर थरात सुमारे 150 ते 200 मिमी उपलब्ध ओल मावते. बालाघाटाच्या माथ्यावर वीतभर मातीखाली मुरूम लागतो; तेथे ओल धरणार कोण?

पाऊस संपल्यावर ओल उडते ती पृष्ठभागावरून, पिकाच्या व तणाच्या पानांतून आणि पुन्हा उघडलेल्या भेगांच्या भिंतींवरून. कोळपणी म्हणजे पिकाच्या ओळींमधली वरची माती कोळप्याने, म्हणजे पात्याच्या अवजाराने, हलवणे. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ या म्हणीमागचे कारण मात्र वादाचे आहे. कोळप्याने केशनलिका (मातीतील केसासारख्या बारीक पोकळ्या) तुटतात व खालचे पाणी वर चढत नाही, असे जुने स्पष्टीकरण. पण वरचा थर एकदा सुकला की केशाकर्षण आपोआपच मंदावते. काळ्या मातीचा पृष्ठभाग तर सुकताना स्वतःच भुसभुशीत होतो. त्यामुळे तण निघणे आणि भेगा बुजणे, हेच कोळपणीचे खरे काम मानणे अधिक सयुक्तिक दिसते. ज्वारीच्या शेतात भेगा रुंदावू लागताच कोळपे धरण्याची रीत याच मताला पुष्टी देते. उशीर झाला, तर भेगांसोबत मुळ्याही तुटतात.

वाफसा ही ओलीची पेरणीयोग्य अवस्था : मुठीत दाबलेल्या मातीचा गोळा होतो, पण खाली सोडताच फुटतो.

बागायतीत प्रश्न उलटा आहे. निचरा मंद असल्याने कालव्याचे पाणी बेताने न दिल्यास भूजल वर येते आणि जमीन पाणथळ, खारवट किंवा चोपण (सोडियम वाढून घट्ट झालेली) होते. जायकवाडीच्या लाभक्षेत्रात अशा जमिनी आढळतात. (पहा : चोपण जमीन, निचरा.)